छापील फोटोला त्याचा भाव मिळू दे

बेंगळुरूत लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या स्टुडिओचे दरपत्रक पाहावे. हळदीचा दिवस, लग्नाचा दिवस, रिसेप्शनची संध्याकाळ, कॅमेरे किती, ड्रोन आहे की नाही, कॅन्डिडसाठी वेगळा माणूस येणार का, सिनेमॅटिक व्हिडिओ किती मिनिटांचा, या सगळ्याचा हिशेब त्यात असतो. तळाशी एक ओळ असते, करिझ्मा आल्बम पॅकेजमध्येच मिळेल. म्हणजे एवढ्या कामातून जी एकच वस्तू ग्राहकाच्या घरात वर्षानुवर्षे राहणार आहे, तिला स्वतःची किंमतच नाही. पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात याहून वेगळे चित्र नाही. आणि मग हेच व्यावसायिक सांगतात की हल्ली लोक फोटो छापतच नाहीत. पूर्वीइतके छापत नाहीत हे खरेच आहे. पण छापील फोटोची विक्री घसरण्याचे मोठे कारण ग्राहकाच्या सवयीपेक्षा स्टुडिओच्या विकण्याच्या पद्धतीत आहे असे माझे मत आहे, आणि ती पद्धत बदलता येण्यासारखी आहे. प्रश्न केवळ एका धंद्याच्या नफ्याचा असता तर त्यावर वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण नव्हते. घराघरांतली गेल्या पंधरा वर्षांची चित्रे आज फोनमध्ये, पेनड्राइव्हवर आणि कुणाच्या तरी खात्याच्या पासवर्डमागे पडून आहेत. ती कागदावर आणण्याचे कसब ज्यांच्या हातात आहे त्यांनीच अंग काढून घेतले, तर त्यातली बरीच चित्रे पुढच्या पिढीला दिसणार नाहीत.

मुळात छापील फोटो विकण्याची कला या धंद्याला कधी शिकावीच लागली नव्हती. रोलच्या काळात छत्तीस फोटोंची निगेटिव्ह हातात आली तरी त्यात चेहरा ओळखू येत नसे. फोटो बघायचा तर तो छापावाच लागे, म्हणून पोस्टकार्ड साइजची एक प्रत प्रत्येकाचीच निघे, आणि मामाला, आत्याला, जावयाच्या घरी पाठवायच्या जादा प्रती वर. दुसरा भक्कम आधार सरकारी अर्जांचा होता. शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, बँकेचे खाते, पासपोर्ट, प्रत्येक ठिकाणी फोटो चिकटवायचा असे. बेंगळुरूत १९१० साली सुरू झालेल्या जी. के. वेलसारख्या नामवंत स्टुडिओपासून चिक्कपेटच्या गल्लीतल्या एका खोलीच्या दुकानापर्यंत सगळ्यांचा रोजचा गल्ला या चौकोनी फोटोंनी भरला. मग २०१० साली पासपोर्ट सेवा केंद्रांचा प्रयोग सुरू झाला, तो ज्या मोजक्या शहरांतून झाला त्यांत बेंगळुरू अगदी पुढे होते. अर्जदाराचा फोटो केंद्रातच, खिडकीसमोर बसवून काढायचा अशी ती व्यवस्था. त्याच वर्षी आधारची नोंदणी सुरू झाली आणि तिथेही फोटो जागेवरच निघू लागला. त्याच सुमारास फोनचा पडदा इतका मोठा आणि स्वच्छ झाला की बघण्यासाठी छापण्याची गरज उरली नाही. दोन्ही आधार जवळपास एकदम गेले. ज्याला आजवर आपण छापील फोटोची मागणी समजत होतो, तिचा बराच भाग सक्तीचा होता. सक्ती संपल्यावर जे उरते तेच खरे गिऱ्हाईक, आणि त्याला वस्तू दाखवावी लागते, समजावून सांगावी लागते, तिची किंमत सांगावी लागते. हे काम धंद्याने अजून नीट हाती घेतलेले नाही.

फोटो काढून देणे म्हणजे वस्तू विकणे की कौशल्य विकणे, हा प्रश्न आपल्याकडे न्यायालयातही बराच रंगला आणि त्यातला शेवटचा मोठा निकाल कर्नाटकाच्याच प्रकरणात लागला. १९७७ साली मध्य प्रदेशातील एका छायाचित्रकाराच्या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गिऱ्हाइकाचा फोटो काढून त्याच्या प्रती देणे हा श्रम आणि कौशल्याचा करार आहे, ती मालाची विक्री नाही. पुढे ४६व्या घटनादुरुस्तीने अशा मिश्र करारातल्या मालाचा भाग वेगळा काढून त्यावर कर बसवण्याची वाट मोकळी झाली. कर्नाटक सरकारने १९८९ पासून फोटो, प्रिंट आणि निगेटिव्ह तयार करून देण्यावर विक्रीकर लावला, उच्च न्यायालयाने तो रद्द केला, सरकारने २००४ साली पूर्वलक्षी परिणामाने तो पुन्हा आणला, तोही उच्च न्यायालयात टिकला नाही, आणि अखेर जानेवारी २०१५ मध्ये प्रो लॅबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारच्या बाजूने कौल दिला. फोटोच्या कामात कागदाचा, मालाचा जो अंश आहे तो करपात्र आहे, असे ठरले. आता त्या कायद्याची जागा जीएसटीने घेतली आहे आणि कराचा तो वाद जुना झाला. पण सुमारे चार दशके आपण माल विकत नाही, कागद हा कामातला किरकोळ भाग आहे, असे या धंद्याने न्यायालयापुढे मांडले. कर वाचवण्यासाठी ते मांडणे रास्तच होते. दुकानाच्या काउंटरवर मात्र तीच समजूत नुकसान करते. दिवसाचा दर घासाघीस करून कमी होतो, कारण शेजारचा स्टुडिओ आणखी कमी सांगतो. वस्तूचा दर घासाघिशीत तितका सहज पडत नाही, कारण ग्राहक ती हातात घेऊन दुसरीशी ताडून पाहू शकतो.

हातात येणाऱ्या वस्तूला माणूस जास्त किंमत देतो हे मोजूनही पाहिले गेले आहे. ओझगुन अतासॉय आणि कॅरी मोरवेज या संशोधकांचा निबंध २०१८ साली ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. बॉस्टन शहरात ऐतिहासिक वेशातल्या एका नटाबरोबर पर्यटकांचे फोटो काढले गेले. काहींना तो फोटो तिथल्या तिथे छापून हातात दिला, काहींना तोच ईमेलने पाठवला, कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले होते. नंतर प्रत्येकाला सांगितले की वाटेल तेवढे पैसे द्या. छापील फोटो मिळालेल्यांनी अधिक पैसे दिले. पुस्तके आणि चित्रपट घेऊन केलेल्या पुढच्या प्रयोगांतही कल तोच राहिला. त्यांचे स्पष्टीकरण असे की जी वस्तू आपण हाताळू शकतो तिच्याविषयी ‘ही माझी’ ही भावना लवकर रुजते, आणि त्या भावनेबरोबर किंमत वाढते. बाजारातला पुरावाही याच दिशेचा आहे. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कागदी फोटोचा काळ संपल्याचे सगळीकडे लिहिले गेले. पण त्याच फोटोच्या दुनियेतल्या फुजीफिल्मने काढल्याबरोबर कागदावर उतरणारा ‘इन्स्टॅक्स’ जिवंत ठेवला आणि २०१८-१९ या आर्थिक वर्षात त्याचे एक कोटीहून अधिक कॅमेरे विकले. घेणारे बहुतेक तरुण होते, ज्यांच्या खिशात उत्तम कॅमेऱ्याचा फोन आधीच होता. तेव्हा तरुणांना कागद नको आहे हे विधान मला मान्य नाही. त्यांना सक्तीचा, एकसारखा, कुणीतरी आपल्या वतीने ठरवून टाकलेला कागद नको आहे.

आता आपल्याकडच्या व्यवहाराकडे या. लग्न होते, महिनाभराने तीन-चार हजार फोटोंचा पेनड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक घरी येते आणि सांगितले जाते की यातले दीडशे निवडून कळवा, मग आल्बमचे डिझाइन करू. नव्या जोडप्याच्या दोन नोकऱ्या, आउटर रिंग रोडवरचा रोजचा प्रवास, सासर-माहेरच्या फेऱ्या. निवड आज होते, उद्या होते, वर्ष उलटते. आल्बम पॅकेजमध्ये असूनही न छापताच राहिला अशी कुटुंबे शोधायला लांब जावे लागत नाही. यात ग्राहकाचा आळस काढणे अन्यायाचे आहे. शिंप्याने कापड कापून सगळे तुकडे गिऱ्हाइकाच्या ओंजळीत ठेवावेत आणि कुठला कुठे जोडायचा ते तुम्हीच सांगा म्हणावे, तसला हा व्यवहार. फोटो काढणे हे निम्मे काम आहे, त्यातून निवडणे उरलेले निम्मे, आणि त्याला डोळा लागतो, जो छायाचित्रकाराने पोट जाळून कमावलेला असतो. पर्याय कमी केले की विक्री वाढते हे पटवायला व्यापारातले लोक शीना आयंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग नेहमी सांगतात. चोवीस प्रकार मांडले तेव्हा चाखणाऱ्यांपैकी फार तर ३ टक्क्यांनी जॅम घेतला, सहाच मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. हा परिणाम सगळीकडे तसाच मिळत नाही, नंतरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा सरासरी फरक शून्याच्या जवळ आला, हेही सांगितले पाहिजे. पण आपल्याला नेमके काय आवडते हे माणसाला आधीपासून ठाऊक नसते तिथे पर्यायांचा ओघ त्याला अडवतो, हे निरीक्षण टिकून आहे, आणि तीन हजार फोटोंसमोर बसलेल्या नवऱ्या-नवरीची अवस्था नेमकी तीच असते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की निवड स्टुडिओने करावी, आणि ती कागदावर दाखवावी. कार्यक्रमानंतर दहा-पंधरा दिवसांत कुटुंबाला बोलवावे. त्याआधी स्टुडिओने साठ-सत्तर फोटो निवडून त्यांच्या साध्या चार बाय सहाच्या प्रती काढून ठेवाव्यात. आई-वडील, नवरा-नवरी, शक्य असेल तर आजी, सगळ्यांनी टेबलाभोवती बसून त्या हाताळाव्यात, बाजूला काढाव्यात, पुन्हा घ्याव्यात. फोनच्या पडद्यावर एका वेळी एकालाच नीट दिसते, टेबलावर पसरलेले फोटो सगळे मिळून पाहतात आणि निर्णयही मिळून होतो. त्याच खोलीच्या भिंतीवर तोच फोटो बारा बाय अठरात, वीस बाय तीसमध्ये कसा दिसतो, मॅट कागद कसा, मेटॅलिक कसा, कॅनव्हास कसा, हे टांगलेले असावे. ज्याने कॅनव्हास कधी पाहिलेला नाही तो दरपत्रकातल्या एका ओळीवरून तो मागणार नाही. हजारोंच्या कॅमेऱ्यांवर आणि लेन्सवर खर्च करणाऱ्या कित्येक स्टुडिओंत नमुन्याची एकही चांगली फ्रेम नसते, हे मला फार खटकते.

दुसरा आग्रह किमतीचा. आल्बमचा, फ्रेमचा, सुट्या प्रतींचा दर वेगळा लिहावा आणि फोटो काढण्याचा वेगळा. आज बहुतेक छायाचित्रकार लॅबला शीटमागे दर देतात, डिझायनरला पानामागे देतात आणि हे दोन्ही पॅकेजच्या पोटात घालून टाकतात. त्यामुळे आल्बम हा त्यांच्या हिशेबात फक्त खर्च असतो. खर्च म्हटला की तो कमी करायचा, म्हणून स्वस्त कागद, ठरीव टेम्प्लेट, फुलांच्या किनारी आणि ढगांमध्ये तरंगणारे चेहरे. असा आल्बम पाहून कुणाला दुसरा घ्यावासा वाटत नाही. तोच आल्बम स्वतःच्या किमतीसह विकायचा ठरला तर तो चांगला करण्यात छायाचित्रकाराचा स्वार्थ तयार होतो. ग्राहकालाही निवड मिळते: मोठा आल्बम नको असेल त्याने पंचवीस उत्तम प्रतींची पेटी घ्यावी, दोन्ही आजोळांसाठी आल्बमच्या लहान आवृत्त्या घ्याव्यात, आणि काहीच नको असेल त्याने घेऊ नये व तेवढे पैसे वाचवावेत.

इथे एक सल्ला मी मुद्दाम नाकारतो, कारण तो परदेशी व्याख्यानांतून आपल्याकडे येऊन पोचला आहे. फाइल देऊच नका, मग गिऱ्हाईक प्रिंट घ्यायला आपोआप येईल, असे तो सांगतो. अमेरिकेत छायाचित्राचा स्वामित्वहक्क सामान्यतः काढणाऱ्याकडे असतो, त्यामुळे तिथे या म्हणण्याला निदान कायद्याचा पाया आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ वेगळे सांगते. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, तो काढवून घेणारा असतो. म्हणजे मुलीच्या लग्नाचे फोटो ज्या बापाने पैसे मोजून काढवून घेतले, ते फोटो त्याचेच आहेत. ते अडवून ठेवणे कायद्याला आणि माणुसकीला दोन्हीला धरून नाही. फाइल पूर्ण आकारात, वेळेवर, विनातक्रार द्यावी. मला तर वाटते, फाइल सहज मिळाली की छपाईची चर्चा मोकळी होते. मग स्टुडिओला केवळ एवढेच सिद्ध करायचे उरते की या फाइलपासून चांगली वस्तू आम्ही करतो आणि ती तुम्हाला कोपऱ्यावरच्या यंत्रातून मिळणार नाही. रंग सुधारणे, त्वचेचा वर्ण न उजळता तो आहे तसा राखणे, मंडपातल्या पिवळ्या आणि जांभळ्या दिव्यांचा मेळ बसवणे, कागदानुसार फाइल तयार करणे, हे खरे काम आहे आणि त्याचे पैसे मागायला कुणी संकोचू नये.

लग्नापलीकडच्या साठ्याला तर अजून कुणी नीट हातच लावलेला नाही, आणि तो आहे लोकांच्या फोनमध्ये. साधा १२ मेगापिक्सेलचा फोन ४००० बाय ३००० ठिपक्यांचे चित्र काढतो. इंचाला ३०० ठिपके या छपाईच्या मानाने ते तेरा बाय दहा इंचांपर्यंत स्वच्छ छापता येते. तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवले की लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांची होते आणि छपाई सव्वापाच बाय चार इंचांवर येऊन अडते. हा हिशेब घरात कुणाला माहीत नसतो. त्याचा परिणाम सगळ्यात कठोरपणे दिसतो तो घरातले वडीलधारे गेल्यावर. दहाव्या-तेराव्यासाठी, हार घालायला, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसाठी एक फोटो हवा असतो, आणि हाती लागतो तो कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापलेला, चार वेळा फॉरवर्ड झालेला, मागे दुसऱ्याचा खांदा आलेला तुकडा. आपल्या समाजात प्रत्येक घराला लागणारा हा छापील फोटो आहे आणि तो आपण सर्वांत वाईट अवस्थेत छापतो. साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, लग्नाचा सुवर्णमहोत्सव हे प्रसंग आपल्याकडे आहेतच. त्या दिवशी आजी-आजोबांचा एक शांत, चांगल्या उजेडातला फोटो काढून तो मोठा छापून देणे, आणि त्याच्या लहान प्रती प्रत्येक मुलाच्या, मुलीच्या घरी पोचवणे, एवढे एकच काम एखाद्या स्टुडिओने नेमाने केले तर त्याला वर्षभर गिऱ्हाईक पुरेल. बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुले आज पुण्यापासून सिॲटलपर्यंत पांगलेली आहेत, त्यांना हा फोटो किती हवा असतो हे वेगळे सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप घराचा येतो. बेंगळुरूत अर्धे गिऱ्हाईक भाड्याच्या घरात, दहा महिन्यांचे भाडे डिपॉझिट म्हणून अडकलेले, सोडताना रंगासाठी महिन्याचे भाडे कापले जाणार, अशा घरात भिंतीला खिळा कोण मारणार? आक्षेप खरा आहे. पण तो भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमविरुद्धचा आक्षेप आहे, छापील फोटोविरुद्धचा नाही. जो दर दोन वर्षांनी घर बदलतो त्याला शेल्फवर उभी राहणारी फ्रेम, टेबलावरचे कॅलेंडर, एका हातात मावणारे फोटोबुक, सुट्या प्रतींची पेटी द्यावी. स्थलांतर करणाऱ्या माणसाला घरच्यांचे चेहरे अधिक लागतात, कमी नाही. स्टुडिओंनी तयार ठेवलेले प्रकार मात्र अजूनही दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीसाठीच आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सगळे इतके सोपे असते तर मोठ्या कंपन्यांनी ते केव्हाच केले असते, असे म्हटले जाते, आणि उदाहरण बेंगळुरूचेच दिले जाते. धीरज कक्कड आणि पीयूष राय यांनी २००७ साली इथे कॅनव्हेरा सुरू केली, व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी उत्तम छपाईची फोटोबुके करून देणारी. देशभरातले हजारो छायाचित्रकार तिच्याकडून काम करून घेऊ लागले, नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने तिच्यात पैसे गुंतवले, आणि पुढे त्या गुंतवणुकीची किंमत इन्फो एजला आपल्या हिशेबात खाली आणावी लागली. यातून काय निष्कर्ष काढायचा? माझ्या मते कॅनव्हेराने छपाईचा दर्जा उंचावला, बांधणी सुधारली, आणि फोटोबुक कसे असावे याचा नमुना घातला, हे त्या उद्योगाचे मोठे देणे आहे. पण छपाईचा कारखाना कितीही चांगला असला तरी ग्राहकाशी शेवटचे बोलणे छायाचित्रकारच करतो. तिथे आल्बम पॅकेजमध्ये बुडवलेलाच राहिला, तर कारखान्याकडे येणारी मागणी स्वस्ताकडेच झुकणार. गुंतवणूकदाराला जी झपाट्याची वाढ हवी असते ती या धंद्यात बहुधा नाही. पण दोन माणसांच्या स्टुडिओला झपाट्याची वाढ नकोच असते. त्याला दर लग्नामागे थोडे जास्त, आणि लग्नसराई नसलेल्या महिन्यांत काहीतरी, एवढे हवे असते, आणि ते छापील फोटोतून मिळू शकते.

रासायनिक छपाई पर्यावरणाला हानिकारक आहे हा मुद्दाही मांडला जातो. लॅबमधल्या द्रावणांतून चांदी परत मिळवता येते आणि चांगल्या लॅब ती मिळवतात, पाण्यात सोडून देणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. शिवाय मी जास्त छापा असे म्हणतच नाही, निवडून छापा म्हणतो.

टिकाऊपणाचा आक्षेप मात्र ग्राहक बोलून दाखवत नाही, मनात ठेवतो, आणि त्याला उत्तर देणे सर्वांत गरजेचे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर, पिवळट झालेले प्रत्येक घराने पाहिले आहेत. चिकट पानांच्या आल्बमांत ते पानालाच चिकटले, पीव्हीसीच्या खिशांत प्लॅस्टिकला धरून बसले. त्या काळच्या रंगांची रसायनेच कच्ची होती, आणि आल्बमच्या साहित्याने उरलेला घात केला. आज चांगल्या फोटो-कागदाचे रंग कितीतरी अधिक टिकतात, पिगमेंट शाईच्या छपाईचे आयुष्य तर त्याहून मोठे आहे, आणि आल्बमचा पुठ्ठा, गोंद, खिसे फोटोला अपाय करतात की नाही हे तपासण्याची आयएसओ १८९१६ ही चाचणी उपलब्ध आहे. पण ग्राहकाला हे कुणी सांगतच नाही. कागद कुठला, छपाई कुठल्या पद्धतीची, महिना आणि वर्ष कोणते, हे प्रत्येक मोठ्या प्रिंटच्या मागे आणि आल्बमच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असावे. डिजिटल प्रत आहेच की, असे कुणी म्हणेल. गुगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली हे सर्वांना आठवत असेल. हार्ड डिस्कचे म्हणाल तर हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या कंपनीच्या नियमित प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत दरवर्षी शंभरातल्या साधारण एक-दोन बंद पडताना दिसतात. तिथे त्या थंड खोलीत, देखरेखीत असतात. घरातल्या कपाटातली डिस्क कुणीही तपासत नाही. दोन्ही प्रती असाव्यात, हेच शहाणपणाचे.

कस्तुरबा रोडवर फेब्रुवारी २०२३ मध्ये कला आणि छायाचित्रणाचे संग्रहालय, म्हणजे मॅप, लोकांसाठी उघडले. अभिषेक पोद्दार यांच्या पुढाकाराने उभे राहिलेल्या या संग्रहालयाच्या सुरुवातीच्या प्रदर्शनांत ज्योती भट्ट यांची छायाचित्रे होती. गावोगावच्या भिंतींवरची, अंगणातली, अंगावर गोंदलेली लोककला या माणसाने कित्येक वर्षे कॅमेऱ्यात टिपली आणि छापून ठेवली. त्यातल्या कित्येक भिंती आज उरल्या नसतील, प्रिंट उरले आहेत. आपल्या शहरातल्या छायाचित्रकारांनी तिथे जाऊन ते प्रिंट जवळून पाहावेत, कागदाचा पोत, काळ्याची खोली, कडेची जागा पाहावी, आणि मग आपल्या नमुन्याच्या आल्बमकडे पाहावे. दर्जाचा फरक कुठे आहे हे कळायला व्याख्यान लागणार नाही.

वाचकाचाही यात वाटा आहे. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी स्टुडिओ ठरवताना ड्रोन आणि व्हिडिओच्या मिनिटांआधी चार गोष्टी विचाराव्यात. फोटोंची पहिली निवड कोण करून देणार? आल्बमचा वेगळा दर किती, आणि तो न घेतल्यास पॅकेजमधून किती कमी होणार? कागद आणि छपाई कुठली, आणि ते लिहून मिळेल का? फाइल पूर्ण आकारात केव्हा मिळणार? ज्या स्टुडिओकडे या चारही प्रश्नांची उत्तरे तयार असतील, त्याने सांगितलेला आल्बमचा दर थोडा जास्त वाटला तरी तो द्यावा. आणि स्टुडिओचालकांनी ग्राहक विचारण्याची वाट न पाहता नवे दरपत्रक तुळशीच्या लग्नाआधी छापून घ्यावे, त्यात आल्बमची ओळ तळातून उचलून सर्वांत वर आणावी, तिच्यासमोर आकडा लिहावा, आणि दरपत्रकासोबत टेबलावर निदान एक असा आल्बम ठेवावा जो त्यांना स्वतःच्या घरी ठेवायला आवडेल.